पिंप वाजवायला जाऊ का, असे मूल विचारते तेव्हा

सप्टेंबरात शाळांचे नवे वर्ष सुरू झाले, की इंग्लंडातील मराठी कुटुंबांकडून माझ्याकडे एक विचारणा ठरल्यासारखी येते. विचारणारी माणसे बदलतात, कधी क्रॉयडन असते तर कधी लेस्टर अथवा लीड्स, परंतु मजकुराचा गाभा बदलत नाही. मुलगा किंवा मुलगी शाळेतून एक छापील चिठ्ठी घेऊन येते. तीत जवळच्या चर्चच्या सभागृहात दर मंगळवारी सायंकाळी स्टीलपॅन शिकवले जाईल, वाद्य संस्थेचे असेल, फी नाही, असे लिहिलेले असते, आणि अगदी तळाशी, घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटावी अशा बारीक टायपात, अडचणीच्या परिस्थितीतील मुलांना अग्रक्रम दिला जाईल अशी एक ओळ असते. ह्या ओळीपाशी आईवडिलांचा पाय अडखळतो. ती आपल्याला लागू आहे असे शाळेला का वाटले? लागू नसेल तर तिथे जाणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणे नव्हे काय? लागू असेल आणि तसे कागदावर लिहून दिले, तर उद्या व्हिसाच्या कामी ते आड येणार नाही ना? तिथे कसली मुले येत असतील? आणि सर्वांत शेवटी, जरा ओशाळून विचारलेला प्रश्न : तेलाचे पिंप बडवून पुढे होणार काय?

माझा पुतण्या अशा एका बँडात तीन वर्षे वाजवीत होता व त्याला नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे होते. त्या तीन वर्षांत सभागृहाच्या मागच्या बाकावर बसून जे पाहिले, जी कागदपत्रे चाळावी लागली आणि ज्या चुका आमच्या हातून झाल्या, त्यांच्या आधारे ह्या शंकांची उत्तरे पुढे देत आहे. कायदेकानूंविषयी जे लिहिले आहे ते मुख्यतः इंग्लंडापुरते समजावे. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथे दप्तरे निराळी व काही नियमही निराळे आहेत.

शेवटचा प्रश्न आधी

ज्या मुलांच्या संगतीची आपल्याला आज धास्ती वाटते, तसल्याच मुलांनी हे वाद्य घडवले, एवढी गोष्ट निर्णयापूर्वी ठाऊक असणे इष्ट आहे. त्रिनिदाद बेटावर १८८१ च्या कार्निव्हलच्या दंगलीनंतर ब्रिटिश अंमलाने ढोल वाजवण्यावर निर्बंध घातले. तेव्हा गोरगरीब वस्तीतील तरुणांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला, पुढे १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणे जे हाती लागेल ते वाजवले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बेटावर तेलाची रिकामी पिंपे मुबलक झाली तेव्हा त्यांच्या तळांतून स्वर काढण्याची विद्या सिद्ध केली. त्या काळी पॅन वाजवणारा म्हणजे वाया गेलेला, अशी पोर्ट ऑफ स्पेनमधील प्रतिष्ठित घरांची धारणा होती, आणि तिथल्या आयाही मुलांना तिकडे फिरकू देत नसत. १९५१ साली ह्याच मंडळींतून निवडलेला ‘टास्पो’ हा वाद्यवृंद फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनसाठी लंडनच्या साउथ बँकवर वाजला. त्यातले स्टर्लिंग बेटनकोर्ट येथेच राहिले व हे वाद्य ब्रिटनमध्ये रुजले. १९६६ साली नॉटिंग हिलच्या मुलांच्या जत्रेत रसेल हेंडरसन ह्यांचा छोटा स्टीलबँड वाजवीत रस्त्यावर निघाला, मुले मागे चालू लागली, आणि आज जो प्रचंड कार्निव्हल भरतो त्याच्या मिरवणुकीचा तो आरंभ ठरला. १९९२ साली त्रिनिदाद व टोबॅगोने पॅनला राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर केले.

‘पण आपला काय संबंध’ असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी दोन नावे. पहिले जित समारू ह्यांचे : मजुरीच्या करारावर त्रिनिदादला नेलेल्या भारतीयांच्या वंशातला हा संगीतकार, आणि त्याने बसवलेल्या संगीतावर ‘रेनिगेड्स’ ह्या बँडाने तिथली पॅनोरामा ही सर्वोच्च स्पर्धा नऊ वेळा जिंकली. दुसरे नाव वाद्याचे : त्रिनिदादमधील भारतवंशीयांच्या लग्नात जो ‘तासा’ घुमतो तो आपल्या ताशाचाच भाऊबंद. ती माणसे बहुतांशी भोजपुरी मुलखातली, मराठी नव्हेत, हे खरे. तथापि गणपतीच्या मिरवणुकीत ताशाची काठी धरलेले मूल स्टीलबँडाच्या तालविभागात पहिल्याच दिवशी घरच्यासारखे वावरते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तालविभागाला तिथे ‘इंजिन रूम’ म्हणतात. त्यात मोटारीच्या ब्रेकचा जुना लोखंडी ड्रम सळईने वाजवला जातो व सगळा बँड त्याच्या भरवशावर चालतो.

वाद्याच्या घडणीविषयी एवढेच, की पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून आत परातीसारखा खोलगट करतात, स्वरांच्या जागा आखतात, भट्टीत तापवतात आणि मग एकेक जागा बारीक ठोक्यांनी सुरात आणतात. पुण्याच्या तांबट आळीत घंगाळाला मठार देणारा कारागीर ज्याने पाहिला असेल त्याला हे काम अर्ध्या तासात समजेल. चढ्या सुरांच्या पॅनवर स्वर वर्तुळात मांडलेले असतात आणि षड्जाच्या एका बाजूस पंचम व दुसऱ्या बाजूस मध्यम असे ते शेजारी असतात. ज्या घरात तंबोरा ठाऊक आहे तिथे ह्याहून अधिक स्पष्टीकरण नको.

कोणत्या प्रकारचा बँड आहे, हे ओळखा

एकाच शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी मोडतात, आणि अपेक्षाभंग बहुधा ह्याच गोंधळातून होतो.

- शाळेतला अथवा प्रादेशिक संगीत-केंद्राचा वर्ग. तो शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेला, सुट्टीत बंद, आणि शिक्षकाचा करार संपला की कित्येकदा वर्गही संपतो.
- धर्मादाय वस्ती-बँड. आपल्या हाती आलेली चिठ्ठी बहुधा ह्याची असते. शाळेतून काढलेली, पालकगृहात वाढणारी, आजारी आईचा सांभाळ करणारी, किंवा नुसतीच सायंकाळी जायला जागा नसलेली मुले व आपल्यासारख्या घरची मुले येथे एकत्र वाजवतात. संस्था अनुदानावर चालते.
- कार्निव्हलचा बँड. ह्याचे स्वतःचे ‘पॅनयार्ड’, म्हणजे सरावाचे आवार, असते, मोठी माणसे व मुले एकत्र असतात, आणि सगळे वर्ष ऑगस्टअखेरच्या सोमवारच्या सुट्टीकडे डोळे लावून चाललेले असते. नॉटिंग हिलची पॅनोरामा त्याच्या आधीच्या शनिवारी होते. लंडनमधील ‘एबनी’ १९६९ पासून व ‘मॅन्ग्रोव्ह’ १९८० पासून ह्या परंपरेत आहेत.

पुष्कळदा दुसरा व तिसरा प्रकार एकाच छपराखाली नांदतात, आणि तेथे आपल्या लोकांची एक ठरलेली फसगत होते : जुलै-ऑगस्टमध्ये सराव जवळजवळ रोज व रात्रीपर्यंत चालू असतो, आणि नेमके त्याच वेळी आपण पाच आठवड्यांची भारतवारी काढलेली असते. मुलाची जागा रिकामी पडते, वीस जणांचे संगीत लंगडते, आणि मुलाला परत आल्यावर अपराधी वाटत राहते. तिकिटे काढण्यापूर्वी, म्हणजे एप्रिलातच, बँडच्या चालकांना तारखा कळवा. त्यात त्यांना राग येण्यासारखे काही नसते, राग येतो तो ऑगस्टात कळवल्याचा.

नाव घालण्यापूर्वी सराव पाहा. कार्यक्रम पाहून ठरवू नका

व्यासपीठावरचा स्टीलबँड पाहून कोणीही भुलेल, कारण चकाकणारी पॅने, रंगीत सदरे आणि त्या वाद्याचा मुळातच प्रसन्न स्वर ह्यांच्यापुढे दोष दिसत नाहीत. परीक्षा घ्यावयाची तर मंगळवारच्या सायंकाळी, पाऊस पडत असताना, अर्धी मुले उशिरा आलेली असताना घ्यावी. पहिल्या भेटीत मी जे पाहिले ते सांगतो.

सभागृहाच्या मागच्या बाजूस सहा उभी पिंपे अर्धवर्तुळात मांडलेली होती आणि त्यांच्या मधोमध बारा-तेरा वर्षांची एक मुलगी, शाळेचा गणवेष अजून अंगावर, रबरी चेंडू बसवलेल्या दोन काठ्या घेऊन उभी होती. हे ‘सिक्स बास’. प्रत्येक पिंपावर तीनच स्वर, सहांवर मिळून अठरा, आणि मंद्रातली सगळी जबाबदारी तिच्या एकटीवर, त्यामुळे चाल पुढे सरके तसे तिला गिरकी घेऊन एका पिंपावरून दुसऱ्यावर जावे लागे. एका वळणावर ती चुकली. शिक्षकाने बँड थांबवला नाही, तिच्याकडे पाहिलेही नाही. शेजारच्या मुलाने आपला हात चालूच ठेवून हनुवटीने पुढच्या पिंपाकडे खूण केली, आणि पुढल्या फेरीला ती बरोबर वळली. एवढ्यात दार उघडून एक भिजलेला मुलगा आत आला, अंगावर कोट नाही, चेहरा भांडून आल्यासारखा. तो त्या दिवशी प्रथमच येत होता. कोणी त्याला नाव-गाव विचारीत बसले नाही. शिक्षकाने त्याच्यापुढे एक ‘गिटार पॅन’ ओढले, खडूने खूण केलेले दोन स्वर दाखवले, कोणत्या मात्रेवर वाजवायचे ते त्याच्या खांद्यावर बोटाने थोपटून सांगितले, आणि दहा मिनिटांच्या आत तो दोन स्वरांनिशी त्या गाण्यात होता.

आपणही हेच पाहावे. नवख्याला पहिल्या अर्ध्या तासात सर्वांबरोबर वाजवायला काही मिळते की त्याला भिंतीशी बसवून ‘पाहून शीक’ म्हणतात, ह्या एका कसोटीवर मी बँड जोखतो. कारण नवख्या मुलाला सामावून घेण्याच्या कामी पॅन ह्या वाद्याचा जो उपयोग आहे तो सगळा त्यातच आहे. व्हायोलिनचा पहिला सुसह्य स्वर काढायला महिने जातात आणि ज्या मुलाला आजवर प्रत्येक ठिकाणी ‘तुला येत नाही’ हेच ऐकावे लागले ते तेवढा धीर धरीत नाही. पॅनवरचा पहिला ठोका कोणाचाही असला तरी सुरात येतो. सामुदायिक संगीतात दोन स्वरांची जागा असतेच, आणि ती जागा रिकामी राहिली तर सर्वांना ऐकू येते.

ह्याखेरीज नजरेत ठेवण्यासारखे :

- शिक्षक ओरडून शांतता मिळवतो की काठी उंचावून?
- चुकलेल्या मुलाला इतर मुले हसतात काय, आणि हसली तर मोठी माणसे काय करतात?
- सराव संपल्यावर पॅने झाकणे, स्टँड उचलणे हे काम सर्व मुले करतात की ठरावीक दोघांच्याच गळ्यात पडते?
- एकटे मूल आणि एकटा प्रौढ बंद खोलीत असण्याचा प्रसंग येतो काय?

नोटेशन वाचता येत नाही ही अडचण समजू नका. बहुतेक वस्ती-बँडांत चाल कानाने व हाताने शिकवतात, जशी आपल्याकडे बंदिश मुखोद्गत होते. मात्र प्रत्येक जातीच्या पॅनवर स्वरांची मांडणी निराळी असते. टेनरवर बसलेला हात डबल सेकंडवर कामी येत नाही. दर महिन्याला मुलाचे वाद्य बदलले जात असेल तर कारण विचारा. आणि ‘टेनर’ हे नाव ऐकून मुलाला मधल्या पट्टीचे काहीतरी दिले असे मानू नका. स्टीलबँडात टेनर म्हणजे सर्वांत वरच्या पट्टीचे, चाल वाजवणारे वाद्य. आपले लोक त्यासाठी हट्ट धरतात. बासवर उभे केलेले मूल मागे पडले असे मुळीच नाही.

‘अडचणीची परिस्थिती’ : पात्रता, फी आणि व्हिसा

चिठ्ठीतील ती ओळ बहुधा अनुदान देणाऱ्यांसाठी लिहिलेली असते. अग्रक्रम म्हणजे मक्तेदारी नव्हे. सर्व तऱ्हेची मुले मिसळलेली असावीत असाच बहुतेक चालकांचा आग्रह असतो, कारण केवळ ‘अडचणीच्या’ मुलांचा वर्ग काढला की त्या वर्गालाच नाव पडते. तरीही जागा मोजक्या असतील व आपल्या घरी दोन पगार येत असतील, तर सरळ विचारावे, की प्रतीक्षायादी आहे काय, आणि असल्यास आम्ही थांबतो. असे विचारणाऱ्याला बहुधा थांबावे लागत नाही, हा माझा अनुभव.

उलट बाजू अधिक नाजूक आहे. नोकरी सुटल्याने वर्षभर ओढग्रस्त असलेले कुटुंब, शाळेने तात्पुरते घरी बसवलेला मुलगा, आईचे दीर्घ आजारपण, मुलाचे एकाग्रतेचे विकार, ह्या गोष्टी आपल्या समाजात चारचौघांपासून लपवल्या जातात आणि अर्जातील ती चौकट कोरी सोडली जाते. ती भरावी. ती माहिती मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असणाऱ्या माणसापलीकडे कोणाला कळेल, हे आधी विचारून घ्यावे व मग भरावी. ती बँडात वाचून दाखवली जात नाही.

व्हिसाविषयी निःशंक असा. ज्यांच्या व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’ अशी अट आहे त्यांना जो मज्जाव आहे तो इमिग्रेशनच्या नियमांत नावानिशी दिलेल्या सरकारी लाभांपुरता आहे, जसे युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट. धर्मादाय संस्थेचा मोफत संगीतवर्ग त्या यादीत नाही, आणि त्या संस्थेला खुद्द कौन्सिलचे वा लॉटरीचे अनुदान मिळत असले तरीही वर्गाला येणारे मूल सरकारी लाभ घेत नसते. आर्थिक अडचण आहे असे बँडच्या अर्जात लिहिल्याने आपल्या व्हिसाची अट मोडत नाही.

पैशाच्या बाबतीत दोन सावधगिऱ्या. काही ठिकाणी आठवड्याला एकदोन पौंड घेतात. ते रास्त आहे, पावती मात्र मिळाली पाहिजे. दुसरी गोष्ट ‘गिफ्ट एड’ची : करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडाच्या देणगीमागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स अधिक मिळतात, म्हणून चालक त्या चौकटीत खूण करायला सांगतात. खरी देणगी असेल तर अवश्य करा. वर्गाची ठरलेली फी ही देणगी नव्हे, तिच्यावर गिफ्ट एड लागू होत नाही, आणि फीच्या पावतीवर ती खूण करायला कोणी सांगितले तर नम्रपणे नकार द्या.

कागदपत्रांची खातरजमा

हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते केल्याने कोणाचा अपमान होत नाही. चांगला चालक प्रश्न विचारण्याआधीच कागद पुढे करतो.

१. नोंदणी. धर्मादाय संस्था म्हणवत असतील तर नोंदणी क्रमांक मागा व चॅरिटी कमिशनच्या जाहीर नोंदवहीत पाहा. विश्वस्तांची नावे आणि उत्पन्न-खर्चाचे आकडे तेथे दिसतात. सर्वसाधारणपणे वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांवर गेले की नोंदणी बंधनकारक होते, त्यामुळे अगदी लहान मंडळ नोंदलेले नसेल तर त्यात वावगे नाही. संस्था ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ असेल तर तिची नोंद कंपनीज हाउसकडे सापडेल.

२. डीबीएस. मुलांना नियमित शिकवणाऱ्या प्रौढांची ‘एन्हान्स्ड’ दर्जाची डीबीएस (म्हणजे गुन्हेगारी नोंदींची) तपासणी झाली आहे काय, व शेवटची केव्हा, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. प्रमाणपत्र हातात घेऊन वाचण्याचा हक्क नाही. झाली आहे की नाही एवढे मात्र संस्थेने सांगावे. त्या प्रमाणपत्राला मुदत नसते, म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या कागदावर विसंबणारी संस्था मी बेफिकीर समजतो.

३. बालसुरक्षेचे धोरण. लेखी असावे, आणि त्यात जबाबदार व्यक्तीचे नाव व फोन असावा. नाव विचारल्यावर दोन चालक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, तर धोरण कपाटात आहे असे समजा.

४. विमा. सार्वजनिक दायित्वाचा विमा आहे काय. हलवाहलव करताना बोटे चेंगरतात. मोठे काही सहसा घडत नाही, पण घडू शकते.

कार्यक्रम, परवाना आणि पैसा

स्टीलबँडाला लग्नसमारंभ, बाजार, पालिकेचे उत्सव येथून सतत बोलावणी येतात आणि मुलांना त्याचा आनंद असतो. मात्र सक्तीच्या शिक्षणाच्या वयातील मूल जेथे तिकीट आहे, मद्याचा परवाना असलेली जागा आहे, अथवा चित्रीकरण-प्रक्षेपण आहे तेथे वाजवणार असेल, तर स्थानिक कौन्सिलचा परवाना लागण्याचा संभव असतो. तो काढणे आयोजकांचे काम आहे. मागील सहा महिन्यांत मूल तीनहून अधिक दिवस अशा कार्यक्रमांत वाजले नसेल, शाळा बुडत नसेल व खर्चापलीकडे मोबदला नसेल, तर परवान्यातून सूट मिळते. वारंवार वाजवणारे बँड कौन्सिलकडून संपूर्ण मंडळासाठी एकत्रित मंजुरी घेतात. ती आहे काय हे विचारा. परवान्याच्या कार्यक्रमात एका अधिकृत सांभाळकर्त्याच्या ताब्यात १२ हून अधिक मुले देता येत नाहीत.

आणि जे विचारायला आपण लाजतो ते आवर्जून विचारावे : लग्नात वाजवल्याबद्दल बँडाला मिळालेले पैसे कोठे जातात? पॅने सुरात आणणाऱ्या कारागिराचे बिल, व्हॅनचे भाडे, सभागृहाचे भाडे, हे खर्च खरे आहेत व जड आहेत, त्यामुळे मुलांना वाटणी नसणे गैर नाही. जमाखर्च दाखवता न येणे गैर आहे.

आपले व मुलाचे हक्क

- छायाचित्रे व चित्रफिती प्रसिद्ध करण्याची संमती निराळी द्यावी. बँडात येण्यास संमती म्हणजे छायाचित्रास संमती नव्हे. ती पुढे केव्हाही काढून घेता येते. ‘अडचणीतून वर आलेला मुलगा’ अशा ओळीखाली आपल्या मुलाचा फोटो अनुदानाच्या अहवालात छापला जाऊ नये असे वाटत असेल, तर तसे लेखी कळवा. माझ्या मते प्रत्येकाने कळवावे.
- मुलाविषयी संस्थेने काय लिहून ठेवले आहे ते मागवता येते. सामान्यतः एका महिन्याच्या आत ते द्यावे लागते.
- अपंगत्व असलेल्या मुलासाठी २०१० च्या समानता कायद्यान्वये वाजवी फेरबदल करणे संस्थेवर बंधनकारक आहे. पॅनचे स्टँड खालीवर होतात, चाकाच्या खुर्चीतून टेनर उत्तम वाजते. ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ एवढे म्हणून विषय संपत नाही.
- शिक्षकाने मुलाशी खासगी संदेशांतून बोलू नये. निरोप पालकांना, किंवा पालक ज्यात आहेत अशा गटावर यावेत. ह्यात अपवाद नको.

तक्रार असेल तर प्रथम बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीकडे व मग विश्वस्तांकडे, लेखी, तारखेनिशी. मात्र मुलाला इजा पोचल्याची अथवा पोचण्याची शंका असेल तर हा क्रम पाळीत बसू नका. कौन्सिलच्या बालसेवा विभागाला थेट कळवा, तातडीचे असेल तर पोलिसांना ९९९ वर. एनएसपीसीसी ह्या बालसंरक्षण संस्थेचा क्रमांक ०८०८ ८०० ५००० असा आहे, आणि मुलाला स्वतः बोलावयाचे असेल तर चाइल्डलाइन ०८०० ११११.

कान

बंद सभागृहात वीस पॅने व लोखंड एकदम वाजते तेव्हा आवाज फार मोठा होतो. नोकरीच्या ठिकाणी रोजच्या सरासरीने ८५ डेसिबलच्या पातळीला मालकाने कानांचे संरक्षण पुरवावे असा येथला नियम आहे; मुलांनाही तेच माप लावावे. बँड देत नसेल तर वादकांसाठी मिळतात तसले कानबोळे घेऊन द्या, विशेषतः मूल तालविभागात असेल तर.

घरी वाद्य घ्यावे काय

पहिल्या वर्षी घेऊ नका. चांगले टेनर शेकडो पौंडांना पडते, नामवंत कारागिराचे नवे असेल तर आकडा हजाराच्या वर जातो, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा विचार वेगळाच. स्वस्तातले शोभेचे पॅन तर मुळीच नको, कारण त्याचे स्वर व त्यांच्या जागा दोन्ही बेभरवशाचे असतात. वहीच्या पानावर वर्तुळ काढून स्वरांच्या जागा लिहा व त्यावर बोटांनी सराव करू द्या. पुतण्याने पहिले सहा महिने पोळपाटावर कागद चिकटवून काढले. काठ्या तेवढ्या स्वतःच्या असाव्यात, त्या काही पौंडांत येतात.

काठ्यांच्या टोकाचे रबर मात्र दर आठवड्याला पाहत जा. आमच्या हातून ते राहिले. एका टोकाचे रबर फाटून लाकूड उघडे पडले होते, आणि पुतण्याने दोन सराव त्याच काठीने वाजवले. तिसऱ्या मंगळवारी टेनरवरचा एक स्वर भांडे आपटल्यासारखा वाजू लागला. सुरात आणणारा कारागीर वर्षातून दोनदा यायचा, त्याचे येणे दोन महिन्यांवर होते, आणि तोवर सगळा बँड त्या एका स्वराला चुकवीत वाजवीत राहिला. कोणी त्याला बोलले नाही. चालकांनी नंतर प्रत्येक काठी दारातच तपासण्याचा शिरस्ता घातला व ते काम पुतण्याकडे दिले.

प्रमाणपत्राविषयी

हा प्रश्न येतोच, म्हणून उरकतो. १४ वर्षांवरील मुलांना ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्काराच्या कौशल्य-विभागात पॅनवादन दाखवता येते, आणि लहानांना शिकवण्याचे काम स्वयंसेवेच्या विभागात धरता येते. बँडच्या चालकाकडून तसा अभिप्राय लिहून घ्यावा. ह्याच्या पलीकडे ग्रेडपरीक्षांची शिडी येथे शोधू नये. पियानोला आहे तेवढी पुरे.

पालकांना काय करता येईल

मुलाला दारात सोडून गाडीत बसून राहू नका. वस्ती-बँडांना वादकांपेक्षा मोठ्या माणसांच्या हातांची टंचाई असते : हिशेब लिहिणारा, व्हॅन चालवणारा, अर्ज भरणारा. आपल्यात हिशेबनीस व संगणकवाले पुष्कळ आहेत. नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंडाच्या ३०० ते २०,००० पौंडांच्या लहान अनुदानाचा अर्ज नीट भरून देणारा पालक हा कित्येक बँडांना देणगीदारापेक्षा मोलाचा वाटतो. स्वयंसेवकांच्या डीबीएस तपासणीला सरकारी शुल्क पडत नाही.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांविषयीही विचारणा होते. पाहुण्याच्या व्हिसावर असताना नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत विनावेतन स्वयंसेवा करण्याची मुभा आहे, येण्याचा मुख्य हेतू तो नसला म्हणजे झाले. दिवसांची नोंद स्वतःकडे ठेवा. मुलांबरोबर एकट्याने राहण्याचे काम त्यांना देऊ नये, चहा-बिस्किटांचे टेबल द्यावे. आमच्या सभागृहात एका आजोबांनी ते टेबल सांभाळता सांभाळता दोन मुलांना तिहाई शिकवली, आणि ती त्या वर्षीच्या एका गाण्याच्या शेवटी वाजली. बासची पिंपे उचलायला मात्र ते पुढे सरसावतील; त्यांना थांबवा, ती दोघा धडधाकट माणसांनी मिळून उचलायची असतात.